दंव न धरणारा पट्टा

कास्तेल माइनविन
९ मार्च १९८७

प्रिय दादकू,

एका प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, हे पहिल्याच ओळीत कबूल करते. आज सकाळी सात वाजता किल्ल्याच्या आतल्या अंगणाचं दार उघडलं, तेव्हा सगळं गवत गोठलेल्या दंवाने पांढरं झालं होतं. फक्त एक पट्टा हिरवा होता. दोन हात रुंद, पंचवीस पावलं लांब, भटारखान्याच्या पडक्या भिंतीपासून थेट वायव्य बुरुजाच्या पायापर्यंत. तेवढ्यावरच दंव का धरलं नाही?

मी ट्रेहर्नसाहेबांना विचारलं. ते किल्ल्याचे व्यवस्थापक, त्यांना माहीत असायला हवं. त्यांनी कपातून वर न बघता सांगितलं, "मेंढ्या बसल्या असतील गं."

"रांगेत?" मी म्हटलं.

"वेल्शच मेंढ्या ना? चॅपलला निघाल्या असतील."

तीन वर्षं युनिव्हर्सिटीत मी तट, बुरुज आणि बाण सोडायच्या जंग्या शिकले. जंगीची फट आतून रुंद आणि बाहेरून अरुंद का, जिना उजवीकडे का वळतो, हे मला कुणीही झोपेतून उठवून विचारावं. पण गवताखाली काय आहे ते मला कळत नाही. जमिनीखालचं कळणारा माणूस आपल्या घरात एकच आहे. फोन केला असता, पण खाणीने तुमचे कान ठेवून घेतले, म्हणून पत्र.

हा प्रश्न आजच का पडला तेही सांगते. ३० मेला इथला वेढा उठून सातशे वर्षं होतात. इंग्रज राजाचं सैन्य सात आठवडे आपल्या लोकांना वेढा घालून बसलं होतं. त्यांनी वायव्य बुरुज पाडायला भुयार खणायला घेतलं, आणि एक दिवस सगळं टाकून निघून गेले. का गेले ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तो दिवस साजरा करायला कूम हेलिगच्या खाणीचं गायनमंडळ बोलावलंय. तुमचंच! चौऱ्याऐंशी माणसं पायऱ्यांच्या लाकडी मंचावर उभी राहून गाणार. पश्चिमेचा तट आवाज परत फेकतो, म्हणून मंच त्याला लागून बांधायचा आहे. म्हणजे बरोबर त्या हिरव्या पट्ट्यावर.

मुख्य ऑफिसचा इंजिनियर म्हणतो, किल्ला अखंड खडकावर आहे, काळजी नको. तुम्ही काय म्हणता?

तुमची नात,
एलुनेद


कूम हेलिग
१३ मार्च

एलुनेद पोरी,

बी.ए.बाईंना खाणकामगाराची आठवण झाली म्हणायची. तुझं पत्र मी शेजारच्या टेग्वेनला दाखवलं. ती म्हणाली, "एवढं शिकून पोरगी गवत बघत बसते होय?" मी म्हटलं, तुझा मुलगा पगार घेऊन टीव्ही बघतो, त्यापेक्षा बरं.

आता नीट ऐक. आधी भुयाराचं बघू. राजाच्या माणसांना काय हवं होतं? बुरुज खाली यायला हवा होता. मग ते बाहेरून खणत येणार, बुरुजाच्या पायाखाली पोकळी करणार, तिला लाकडाचे टेकू देणार आणि त्यात डुकराची चरबी घालून आग लावणार. टेकू जळाले की बुरुज बसला. (हे तूच मला सांगितलं होतंस. चाळीस वर्षं मी माणसं जिवंत राहावीत म्हणून टेकू लावले. जाळायला लाकूड लावणाऱ्यांची मला अजून शिसारी येते.) पण बुरुज उभा आहे, म्हणजे त्यांचं काम अर्धंच राहिलं. आणि बुरुज ओलांडून आत अंगणात भुयार कशाला नेतील? भटारखान्यातला पाव चोरायला?

तुझा पट्टा भटारखान्यापासून निघतो म्हणतेस. मग तो सांडपाण्याचा नळ. दगडी नळात हवा कोंडून राहते, ती गार पडत नाही, वरचं दंव वितळतं. आपल्या चॅपलच्या मागे तसाच आहे. बिनधास्त मंच बांधा.

माझं एक काम कर. पाहुण्यांच्या खुर्च्यांत मला बसवू नकोस. मंचाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, जाड आवाजाच्या गड्यांच्या पायाशी जागा दे. दोन वर्षांत मी एक गाणं ऐकलेलं नाही. पण परवा तालमीला गेलो आणि बाकावर दोन्ही तळहात टेकवले, तर सगळं गाणं मनगटातून वर आलं. मंडळातला ओएन म्हणाला, "इद्वल, रडतोयस काय?" मी म्हटलं, तू बेसूर झालास म्हणून.

दादकू


कास्तेल माइनविन
२ एप्रिल

प्रिय दादकू,

तुमचं पत्र मी ट्रेहर्नसाहेबांना वाचून दाखवलं. त्यांना ते फार आवडलं. "चाळीस वर्षं जमिनीखाली काढलेल्या माणसाचं मत आहे," ते म्हणाले आणि मंचाच्या कागदावर त्यांनी लगेच सही केली. मुख्य ऑफिसचीही हरकत नाही. तिथला इंजिनियर प्रत्यक्ष बघायला १५ जूनला येणार आहे. तेव्हा कार्यक्रम होऊन गेलेला असेल, पण नळच असेल तर काय बिघडतं?

तुमची जागा पक्की. खालची फळी, डावीकडून तिसरी जागा. गेथिन रॉसर तुम्हाला आठवतो का? आपल्याच खाणीतला, खाण बंद पडल्यापासून सुतारकाम करतो. मंच तोच बांधणार आहे. तो म्हणाला, "इद्वलकाकांच्या फळीला मी एकही गाठ ठेवणार नाही."

शाळेची पोरं आली की मी त्यांना वेढा सांगते. मठातल्या एका जुन्या नोंदीत एवढीच ओळ आहे, की आतल्या लोकांनी अंगणात पाण्याने भरलेल्या पराती मांडल्या होत्या. खाली कुणी खणत असलं की पाणी थरथरायचं. पोरांना हे फार आवडतं. मग ती माझ्या चहात बोट घालून बघतात, शत्रू आला का म्हणून.

काल पुन्हा दंव पडलं. या खेपेला मी पावलं मोजून पट्ट्याचा नकाशा काढला, तो सोबत आहे. तुमचा नळ थोडा नशेत असावा. आठ पावलं सरळ जातो, मग डावीकडे वळतो, मग एक छोटा फाटा फुटतो आणि तिथेच संपतो, मग उजवीकडे वळून बुरुजाखाली जातो. त्या काळच्या गवंड्यांनी सकाळी काय प्यायलं होतं कोण जाणे.

आई म्हणते तुम्ही जेवत नाही. बेदाण्याचा केक पाठवला आहे. टेग्वेनला अर्धाच द्या.

तुमची,
एलुनेद


कूम हेलिग
१७ मे, रविवार

पोरी,

रविवारी आपल्या घरात पत्र लिहीत नाहीत. आज मी तो नियम मोडतो आहे, त्यावरून काय ते समज.

तुझा नकाशा सहा आठवडे माझ्या घड्याळाखाली ठेवलेला आहे. तो आला त्याच दिवशी मला कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. तू आईला तीनदा विचारलंस, दादकूंचं पत्र का नाही. तिला मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघ्याने कधी पत्र लिहितात का? तिने तेही मानलं.

तो नळ नाही.

पाणी असं वाकडं नेणारा गवंडी अजून जन्मला नाही. कोळशामागे जाणाराही असा जात नाही, तो थर जाईल तिकडे जातो. असं एकच माणूस खणतो, जो ऐकत ऐकत पुढे जातो. थोडं खणायचं, थांबायचं, भिंतीला कान लावायचा, वाटलं की आवाज डावीकडे आहे तर डावीकडे वळायचं. एक फाटा काढायचा, तो चुकला म्हणून सोडायचा. पुन्हा कान लावायचा. तुझ्या त्या पराती, पोरी! आतल्या लोकांना पाणी थरथरताना दिसलं आणि ते खाली उतरले. बाहेरून येणाऱ्यांना जमिनीखाली गाठायला आपले लोक आतून खणत गेले.

मला हे आधी सुचलं नाही, कारण जन्मभर मी एकाच दिशेने खणलं, उजेडापासून दूर, कोळशाकडे. माणूस माणसाकडे खणत जातो हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

आणि अशा घाईच्या भुयाराला कुणी टेकू देत नाही. त्यांना चार दिवसांचं काम होतं. वर दंव वितळतं आहे म्हणजे छत जाड नाही. दोन हात असेल, तीन असेल. सातशे वर्षं त्यावर मेंढ्या चालल्या. चौऱ्याऐंशी माणसं तालावर पाय आपटत कधी उभी राहिली नाहीत.

मी गप्प का बसलो? कारण माझ्याच शब्दावर तुझ्या साहेबाने सही केली. आणि मला त्या फळीवर बसायचं होतं. दुसरं कारण मोठं होतं. आता लिहिलं, आता मला शिव्या दे.

पण आधी खात्री कर. जिथे पट्टा आहे तिथे गुडघे टेकून बस. डावा तळहात जमिनीवर सपाट ठेव. उजव्या हाताने पहारीच्या बोथट टोकाने, एक पाऊल अंतरावर, ठोक. आवाज ऐकू नकोस, आवाज फसवतो. हाताकडे लक्ष दे. जमीन भरीव असेल तर हाताला काही कळत नाही. पोकळ असेल तर तळहाताखाली मांजर गुरगुरतं.

दादकू


कास्तेल माइनविन
२० मे

दादकू,

मांजर गुरगुरलं.

पट्ट्यावर अकरा ठिकाणी ठोकलं, अकराही ठिकाणी गुरगुरलं. तीन पावलं बाजूला सरकून ठोकलं तर हात गप्प. मग चहाच्या दुकानातून दोन पसरट थाळ्या आणल्या, पाण्याने भरल्या, एक पट्ट्यावर ठेवली आणि एक बाहेर. गेथिन आणि त्याचे तीन गडी फळ्या घेऊन मधून चालले होते. बाहेरच्या थाळीतलं पाणी आरशासारखं होतं. पट्ट्यावरच्या थाळीत वर्तुळं उठत होती.

गेथिन थांबला, थाळीकडे बघत राहिला. म्हणाला, "बाई, मला हे आवडत नाही."

मला आधी तुमचा राग आला. सहा आठवडे! रात्री जेवले नाही. मग स्वतःचा आला. उलट्या भुयारांबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत त्यावर उत्तर लिहून गुण मिळवले होते, पण ती कुठल्या तरी दुसऱ्या किल्ल्यातली होती. माझ्या पायाखालची नव्हती. पट्टा नशेत आहे म्हणून विनोद करणारी मीच.

आणि राजाचं सैन्य का निघून गेलं तेही आता मला माहीत आहे असं वाटतं. खणता खणता समोरची भिंत खाली पडली, आणि पलीकडून आपले लोक त्यांच्याकडे बघत होते.

थाळ्या घेऊन मी ट्रेहर्नसाहेबांकडे गेले. ते वाईट नाहीत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एलुनेद, थाळीतल्या लाटा म्हणजे अहवाल नव्हे."

"मग इंजिनियरला आधी बोलवा."

"बोलावलं. तो १५ जूनलाच येणार. आणि त्याने लेखी दिलंय, अखंड खडक."

"खडकातच खणलंय, साहेब."

"तुझे आजोबा म्हणाले होते नळ आहे."

"ते चुकले. त्यांनी स्वतः कळवलंय."

"म्हणजे मार्चमध्ये ते बरोबर आणि मेमध्येही बरोबर?" मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "आमंत्रणं गेली, बसगाड्या ठरल्या. माझ्या हातात आता लेखी कागदच आहे. तुझ्याकडे दुसरा कागद असेल तर आण."

माझ्याकडे कागद नाही, तळहात आहे. एक तेवीस वर्षांची पोरगी, दीड वर्षाच्या नोकरीवर, इंजिनियरच्या सहीपुढे तळहात धरून उभी. मला अधिकार आहे का, दादकू? की माझं काम बोलून संपलं?

एलुनेद


कूम हेलिग
२३ मे

एलुनेद,

अधिकाराचं विचारतेस, तर ऐक. तुझ्या पुस्तकात हे नसेल.

खाणीत मॅनेजर होता, ओव्हरमन म्हणजे मुकादम होता, युनियन होती. प्रत्येकजण प्रत्येकाला हुकूम सोडायचा आणि प्रत्येकाचा हुकूम कुणी ना कुणी मोडायचा. एकच हुकूम कधी कुणी मोडला नाही. छताला हात लावलेल्या माणसाने "बाहेर!" म्हटलं की सगळे बाहेर. तो कोण, किती वर्षांचा, कुणाचा, हे विचारायचं नाही. का, हेही विचारायचं नाही. हातातलं हत्यार तिथेच टाकायचं आणि चालायचं. विचारायचं ते वर उजेडात आल्यावर.

१९४५ साली मी नव्यानेच लागलेला, कुणी मला नावाने ओळखत नव्हतं. मी ओरडलो. सव्वीस माणसं निघाली. वर येऊन सगळे तासभर उभे राहिले आणि काहीच पडलं नाही. मला वाटलं, आता हे मला सोलून काढणार. म्हातारा हॉपकिन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "उद्यासुद्धा असाच ओरड." बस. ते छत पुढे नऊ दिवसांनी खाली आलं, रिकाम्या बोगद्यावर.

छताला हात तू लावला आहेस. साहेबाने नाही, इंजिनियरने नाही, मीही नाही. मी तर घरी बसून पाव आणि नळ करत होतो.

गायनमंडळाला मी आज जाऊन सगळं सांगितलं, माझ्या सहा आठवड्यांसकट. ओएनने मला जे काही म्हटलं ते ऐकू आलं नाही हे माझं नशीब. ओठांवरून थोडं कळलं. मग ते म्हणाले, एलुनेद सांगेल तिथे आम्ही उभे राहू. फळीची चिंता सोड. फळी कुठेही टाकता येते.

दादकू


कास्तेल माइनविन
२८ मे, गुरुवार

प्रिय दादकू,

काल सकाळी दहा वाजता मंच जवळजवळ उभा झाला होता. गेथिन शेवटचे बोल्ट आवळत होता, तिघे वर होते. मी पट्ट्याच्या टोकाशी गुडघे टेकले, तळहात ठेवला, आणि ओरडले, "बाहेर!"

माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. तटाने तो परतही फेकला.

गेथिनने पाना गवतावर टाकला. वरचे तिघे उतरले. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. चौघे दारातून बाहेर गेले, पुलावर गेले, आणि तिथे उजेडात उभं राहिल्यावर गेथिन म्हणाला, "आता सांगा, बाई."

मी सांगितलं. तो म्हणाला, "वीस महिन्यांत मी हा शब्द ऐकला नव्हता. मला वाटलं खाणीबरोबर तोही बंद झाला." मग एक एक करून, पट्ट्यावर पाय न देता, भटारखान्याच्या बाजूने त्यांनी मंच सोडवला आणि दुपारपर्यंत सगळं लाकूड नदीकाठच्या कुरणावर नेलं. राजाच्या सैन्याचा तळ जिथे होता, तिथे. मंच आता किल्ल्याकडे तोंड करून उभा आहे. गेथिन तिथे एकदा मोठ्याने खोकला, तर तटाने खोकलासुद्धा परत दिला.

दुपारी ट्रेहर्नसाहेब आले. कुरणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कुणाच्या हुकमाने?"

"माझ्या."

"संध्याकाळपर्यंत मंच पुन्हा आत पाहिजे."

एक गोष्ट तुम्हाला लिहिली नव्हती, ती आता लिहिते. माझ्या कायम नेमणुकीचा कागद जूनमध्ये त्यांच्याच सहीने जायचा होता. त्याचीही त्यांनी आठवण करून दिली, आणि मला वाटतं, आठवण करून देताना त्यांना बरं वाटत नव्हतं. "तू नाही म्हणालीस तर मी दुसरे सुतार आणेन," ते म्हणाले.

आणतील, हे मला दिसत होतं. म्हणून मी किल्ल्याला विचारलं. दादकू, हा किल्ला बांधणारा फार शहाणा होता. आतल्या अंगणाला एकच मोठं दार आहे, आणि त्याचा अडसर म्हणजे अख्खं ओकचं खोड, भिंतीतल्या खाचेत आतून सरकवायचं. तीनशे वर्षांत कुणी तो सरकवला नसेल. मी आणि गेथिनने खाचेत साबण चोपडला आणि तो लहान मुलासारखा घसरत आला. मग आम्ही दोघं बुरुजाच्या कुशीतल्या चोरदरवाजाने बाहेर पडलो. तो इतका अरुंद आहे की एका वेळी एकच माणूस, तोही वाकून. त्याला एकच कुलूप, ते मी लावलं, आणि त्या कुलपाला एकच किल्ली. दोन्ही दारं संरक्षित यादीत आहेत. तोडायची तर मुख्य ऑफिसची लेखी परवानगी लागते, आणि परवानगीचा अर्ज टाइप करणारी मी आहे. पाच-सहा आठवडे लागतात. १५ जून त्याच्या आत येतो.

हे सगळं मी साहेबांना लेखी कळवलं आहे, सहीसकट. भुयाराचा नकाशा, अकरा जागा, थाळ्या, आणि मी काय केलं ते. आता त्यांच्याकडे माझाही कागद आहे. पंधरा तारखेला खाली भरीव खडक निघाला तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन आणि घरी येऊन टेग्वेनच्या मुलाबरोबर टीव्ही बघेन. पण निघणार नाही. तो आवाज ऐकत ऐकत गेलेल्या माणसांचा हात मला रोज तळहाताखाली लागतो.

त्यांनी कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला. मग म्हणाले, "कुरणावर खुर्च्या किती लागतील?"

मी म्हटलं, "एक कमी. दादकू फळीवर बसतात."

शनिवारी बसने या. खालची फळी, डावीकडून तिसरी, एकही गाठ नाही. दोन्ही तळहात टेकवा.

साहेब आता किल्ली मागतील. मी खरं तेच सांगेन, की ती माझ्याकडे नाही. मी ती आत्ता टपालात टाकते आहे. या पाकिटात जड काय आहे, ते तुम्हाला आता कळलं असेल. शनिवारी येताना ती बरोबर आणू नका. इंजिनियर येईपर्यंत, माझा नकाशा जिथे ठेवला होता, तिथेच, घड्याळाखाली ठेवा.

तुमची,
एलुनेद